पट्ट्यावरची धार: गोव्यात हे काम शिकू पाहणाऱ्यांसाठी

डिचोलीत माझं धार लावायचं छोटं दुकान आहे. हे काम शिकायचं म्हणून अधूनमधून पोरं येतात. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर सपासप फिरताना त्यांनी मोबाईलवर पाहिलेला असतो, त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेला: ‘पट्टा कुठला घेऊ?’ मी सांगतो, आधी दगड घ्या. पट्ट्याचं नंतर बघू.

पात्याची कड बोथट असेल तर पट्ट्यावर तासभर घासूनही काही हाताला लागत नाही. वस्तऱ्याला कोन द्यायचा तो 1000 नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक). मग 4000, 8000, जमलं तर 12000. दगडावरून उतरलेल्या कडेला एका बाजूला वळलेली, डोळ्यांना धड न दिसणारी पातळ बर, म्हणजे धातूची किनार, राहते. अंगठा कडेच्या आडवा, अगदी हलका सरकवला की ती नखाशेजारी अडकते. ती काढायची आणि कड सरळ करायची, एवढंच चामड्याचं काम. ऐकायला किरकोळ वाटतं, पण गालावर वस्तरा ओढताना फरक लगेच कळतो.

केसासारख्या मऊ वस्तूने पोलाद खराब होतं कसं, असंही पोरं विचारतात. एमआयटीच्या संशोधकांनी 2020 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात नेमकं यावरच लिहिलं. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण असतं, तरी केस वाकून पात्याला तिरका भिडला आणि त्या जागी पोलादाची अंतर्गत रचना एकसारखी नसली, तर कडेचा सूक्ष्म टवका उडतो. म्हणजे रोज दाढीआधी पट्टा मारूनही वस्तरा कधी ना कधी दगडावर न्यावाच लागतो. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर दोन-चार महिन्यांनी तो तुमच्या कामाला नावं ठेवायला येतो.

आता धंद्याचं. सलूनवाले पट्ट्यासाठी येतील ही आशा सोडा. जिलेटला बदलत्या पात्याच्या रेझरचं पेटंट 1904 मध्ये मिळालं, तेव्हापासून घरातले वस्तरे मागे पडत गेले. सलूनमध्ये ते बरेच टिकले, पण एचआयव्ही आणि काविळीच्या भीतीने तिथेही अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा आला. आणि ते योग्यच झालं. पातं निर्जंतुक करता येतं, पण रक्त लागलेलं चामडं कसं करणार? म्हणून एकाच्या वस्तऱ्याचा पट्टा दुसऱ्याच्या वस्तऱ्याला वापरू नये. माझ्याकडे आलेला वस्तरा मी दगडानंतर आधी स्पिरिटने पुसतो, आणि पट्टा गिऱ्हाइकाला स्वतःचाच आणायला सांगतो. सलूनमधून येतात त्या कात्र्या. पट्ट्याचं खरं काम देतात ते हौसेने वस्तरा वापरणारे, देव्हारे-मखरं करणारे सुतार, आणि हॉटेलांचे आचारी. आचारी ऑक्टोबर ते मार्च, सुतार चतुर्थीच्या आधी. मधल्या पावसात हात शिकवून घ्यायला वेळच वेळ.

हात शिकवायचा तो वस्तऱ्यावर नाही. पाव-बटरची बोथट सुरी घ्या आणि ‘नवप्रभा’ वर्तमानपत्राची घडी फळीवर ताणून बसवा. छापील कागदावर पातं खरोखर उजळतं, आणि चिरला तर दुसरा अंक आहेच. हात बसला की वस्तरा घ्या. त्याचं मूळ, म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामधला दांडा, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा. पातं आडवं टेकवा. पाठ आणि कड दोन्ही चामड्याला लागल्या पाहिजेत. कोन पाठच देते, तुम्ही द्यायचा नाही. चाल नेहमी पाठ पुढे, धार मागे. उलट गेलात की पट्टा चिरला.

सगळा घोळ होतो तो टोकाला. फेरी संपते, पातं उलटायचं असतं, आणि नवा माणूस घाईने मनगट फिरवतो. त्यात पाठ चामड्यावरून उचलली जाते आणि क्षणभर पात्याचं सगळं वजन नुसत्या कडेवर येतं. आधीच्या वीस फेऱ्यांनी केलेलं त्या एका क्षणात जातं. टोकाला हात थांबू द्या. मग चिमटीतला दांडा फक्त बोटांनी फिरवा: पुस्तकाचं पान उलटावं तशी धार वर उठते, पाठ जागेवरच राहते, आणि पातं दुसऱ्या कुशीवर पडतं. मनगट हलत नाही. कान उघडे ठेवा. बरोबर फेरीचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा येतो. मध्येच खरखरला तर पातं कलंडलंय. दाब पात्याच्या वजनाइतकाच. टांगलेला पट्टा मात्र ताठ ओढून धरायचा, कारण तो झोळला की कड त्याच्याभोवती गोल होते. पट्टा अरुंद असला तर पातं थोडं तिरपं सरकवत न्या, म्हणजे टाचेपासून टोकापर्यंत सगळी कड चामड्यावरून जाते. पट्ट्याला मागे कॅनव्हास असेल तर आधी वीसेक फेऱ्या त्याच्यावर, मग चाळीस-पन्नास चामड्यावर. वेग आपोआप येतो, मागे लागू नका.

सुताराच्या पटाशीला टांगता पट्टा नको. गुळगुळीत, कडक चामडं लाकडी फळीला चिकटवा आणि त्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट पातळ चोळा. पटाशी मागे ओढा, पाच-सात ओढींत काम होतं. जाड, मऊ चामड्यावर पटाशी दाबत बसलात तर टोक गोल होतं, आणि सुतार दुसऱ्या दिवशी परत येतो. वस्तऱ्याच्या रोजच्या पट्ट्याला पेस्ट लावू नका. एकदा मुरली की निघत नाही.

चामडं निवडताना फॅशनच्या बेल्टवाल्याकडे जाऊ नका. ते बहुधा क्रोमवर कमावलेलं, वर रंग-पॉलिश चढवलेलं असतं. बाभळीच्या साली आणि हिरड्यावर कमावलेलं हवं. कोल्हापुरी चपलांचं चामडं तसंच असतं, बेळगाव-कोल्हापूरकडे चपला करणाऱ्या कारागिरांकडे मागितलं तर तुकडा मिळतो. तळव्याचा जाड तुकडा फळीसाठी उत्तम. परदेशी घोड्याच्या कातड्याचे पट्टे सुरेख असतात, मान्य, पण पहिला पट्टा चिरायचाच असतो, तिथे एवढे पैसे कशाला?

सगळंच पट्ट्यावर न्यायचं नसतं, हे समजायला नव्यांना वेळ लागतो. म्हापशाच्या बाजारातली मासेवाली सुरी घेऊन आली तर ती सुरी मी मधल्या दगडावरच सोडतो. आरशासारखी केलेली कड इसवणाच्या (सुरमईच्या) कातडीवर घसरते, थोडी खरखरीत असली की पकडते. टोमॅटोचंही तेच. कोयता, पावाची दातेरी सुरी यांना तर पट्टा दाखवूच नका.

राहिला पाऊस. जून ते सप्टेंबर इथे चामड्यावर पांढरी बुरशी यायला आठवडा पुरतो. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला पट्टा टांगू नका, ती ओल सोडत असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको. लाकडी कपाटात, हवा खेळेल असा लटकवा. बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वारा द्या; कडक उन्हात चामडं आक्रसतं. वापरण्याआधी तळहात चार-पाच वेळा पट्ट्यावरून फिरवा, हाताचं तेल त्याला पुरतं. खोबरेल ओतू नका, ते कालांतराने खवट होतं आणि वास मारतं. पात्याला मात्र काम झाल्यावर शिलाई मशीनचं तेल हवंच, विशेषतः कार्बन स्टीलला. किनाऱ्याजवळ राहत असाल तर त्याच संध्याकाळी, सकाळवर टाकू नका.