इंग्रजी जोडशब्दांत हायफन कुठे द्यायचा?

मराठीत आपण ‘आई-वडील’ लिहिताना मध्ये रेघ देतो, पण विसरलो तरी अर्थ बदलत नाही. इंग्रजीत बदलतो. ‘मॅन-ईटिंग टायगर’ म्हणजे नरभक्षक वाघ; हायफन गाळला की वाघ खाणारा माणूस!

आधी वाक्यातलं नाम शोधा. मग त्याच्या आधीचे शब्द पाहा. त्यातले दोन किंवा जास्त शब्द मिळून एकच विशेषण होत असतील, तर ते हायफनने बांधा. आकडे असले की फार जपावं लागतं. ‘ट्वेंटी फोर-अवर शिफ्ट्स’ म्हणजे चार-चार तासांच्या २० पाळ्या, एकूण ८० तास. ‘ट्वेंटी-फोर-अवर शिफ्ट्स’ म्हणजे प्रत्येक पाळी २४ तासांची. ड्युटीचा तक्ता लावताना हा फरक चांगलाच महागात पडेल.

अशा जोडविशेषणात नाम एकवचनी राहतं: ‘टेन-इयर-ओल्ड बॉय’, ‘फाइव्ह-इयर प्लॅन’. ‘टेन इयर्स ओल्ड बॉय’ ही आपल्याकडची नेहमीची चूक. वर्णन नामानंतर आलं, की ‘इयर्स’ परत येतं आणि हायफन जातो: ‘द बॉय इज टेन इयर्स ओल्ड’. तसंच ‘वेल-नोन रायटर’, पण ‘द रायटर इज वेल नोन’. ‘हायली पेड’सारख्या ‘ली’ने संपणाऱ्या क्रियाविशेषणाला हायफन कुठेच लागत नाही, पुढच्या शब्दाशी त्याचं नातं उघडच असतं.

‘री’ने सुरू होणारे शब्द मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. करार पुन्हा सही करायचा असेल तर ‘री-साइन’. त्यातला हायफन गाळून साहेबांना ईमेल केलात, तर तुमचा राजीनामा पोचला! सोफ्याला नवं कापड लावणं ‘री-कव्हर’, आजारातून बरं होणं ‘रिकव्हर’.

क्रियापद आणि नाम यांतही भेद आहे. हॉटेलात तुम्ही ‘चेक इन’ करता, दोन सुटे शब्द. काउंटरवरची पाटी मात्र ‘चेक-इन’.

रूढ झालेल्या नामांना नियम पुरत नाही, तिथे ताजा शब्दकोशच उघडावा. ‘शॉर्टर ऑक्सफर्ड’ने २००७च्या आवृत्तीत सुमारे १६,००० शब्दांतले हायफन काढले: ‘आइस क्रीम’ सुटं झालं, ‘बम्बलबी’ जोडून आलं. शाळेतलं जुनं पुस्तक या बाबतीत कामाचं नाही.

टाइप करताना हायफनच्या दोन्ही बाजूंना जागा सोडू नका. सोडलीत तर वर्ड बहुधा त्याची लांब रेघ करतं, आणि ती रेघ जोडण्याऐवजी तोडते. ओळीच्या शेवटी ‘री-साइन’चे दोन तुकडे होत असतील तर कंट्रोल, शिफ्ट आणि हायफन एकत्र दाबा, शब्द अखंड राहून पुढच्या ओळीत जातो.