जर्सी शोरला निघताय? आधी वारा बघा

न्यू जर्सीतल्या एडिसनकडच्या मराठी घरांत जर्सी शोरचा, म्हणजे इथल्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या बीचचा बेत ठरतो तो फोनवर ९५ फॅरनहाइट दिसल्यावर, आणि घोळ तिथेच होतो. म्हणून सनस्क्रीनच्याही आधी वारा कुठून येणार ते बघा. तापमान नाही, वारा. कोकणात पश्चिमेचा वारा म्हणजे समुद्रावरचा खारा वारा, हे आपल्या अंगात मुरलेलं. इथे समुद्र पूर्वेला आहे. पश्चिमेचा वारा येतो जमिनीवरून, खाडीच्या दलदलीवरून, आणि जुलैत सोबत ग्रीनहेड माश्या आणतो. गोमाशीचीच ही जात, डोळे हिरवेगार, आणि ती टोचत नाही, कातडी कापते. स्प्रेला फारशी जुमानत नाही. घरी जिवाची काहिली होते तो दिवस बहुतेक वेळा याच वाऱ्याचा असतो. गेल्या जुलैत आयलंड बीच स्टेट पार्कात छत्री रोवून होते न होते तोच आमची वरात परत गाडीत, काचा बंद, आजी मागे पोटरी चोळत बसलेल्या.

नैऋत्येचा वारा दोन-तीन दिवस सलग वाहिला तर वेगळीच गंमत. वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून लांब ढकललं जातं, तळाचं गार पाणी वर येतं आणि भर ऑगस्टात घोटे बधिर होतात. पूर्वेचा किंवा आग्नेयेचा हलका वारा दिसला की निघा. जोराचा असेल तर लाटाही येतात, तेव्हा रिप करंटचा, म्हणजे माणसाला आत समुद्रात ओढून नेणाऱ्या प्रवाहाचा, इशारा वाचल्याशिवाय पोरांना पाण्यात सोडू नका.

आता बीच कुठला. बहुतेक गावांत उन्हाळ्यात बॅज, म्हणजे बीचवर जायचा पास, विकत घ्यावा लागतो. बाराच्या आतल्या मुलांना पैसे पडत नाहीत, पण सहा मोठी माणसं म्हटली की खिसा बरा रिकामा होतो. वाइल्डवुड, अटलांटिक सिटी, स्ट्रॅथमियर फुकट. वाइल्डवुडची वाळू मात्र इतकी रुंद की पाण्यापर्यंत पोचेतो कूलर उचलणारा रुसतो. आई-बाबा भारतातून आले असतील तर सँडी हूक छान. १७६४ चं दीपगृह आहे, स्वच्छ दिवशी मॅनहॅटन दिसतं, बॅज नाही, फक्त पार्किंगचे पैसे. पण गनिसन बीचच्या पाटीकडे वळू नका. तिथे लोक कपड्यांशिवाय असतात आणि बाबांना ते समजावत बसावं लागेल. आयलंड बीच सगळ्यांत सुंदर, मैलोन्‌मैल वाळू आणि मागे इमारतींची रांग नाही. शनिवार-रविवारी पार्किंग भरलं की गेट बंद होतं, सकाळीच पोचा. आणि तिथे जाणार असाल तर वारा. परत सांगतो, वारा.

सूर्यास्ताचा फोटो हवा असेल तर केप मेजवळ सनसेट बीचला जा, तो डेलावेअर उपसागरावर आहे. बाकी किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवतो, मावळतो तुमच्या पाठीमागे.

छत्री, पाणी, टोपी हे सांगायला नको. मोठे तंबू काही गावांत चालत नाहीत, आधी बघून घ्या. थेपले झाकून ठेवा, सीगल हातातून नेतात. ओशन सिटीने २०१९ मध्ये त्यांना हुसकायला चक्क ससाणे आणले होते. वाळू तापते, चपला काढून पळत सुटू नका. लाइफगार्ड असेल तिथेच पोहा. लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) बहुतेक ठिकाणी बॅज लागत नाही आणि पाणीही अजून उबदार असतं, पण गार्ड बऱ्याच ठिकाणी नसतात.

आदल्या रात्री वारा बघा, सकाळी निघताना परत बघा. पश्चिमेकडे फिरला असेल तर बेत बदला, कोणी कितीही कुरकुर केली तरी.

परतीला गार्डन स्टेट पार्कवे हा हायवे तुंबतो, उशिराच निघा. सीटवर जुनी चादर. टोलच्या ईझी-पासमध्ये पैसे. ओले कपडे वेगळ्या पिशवीत.