बनियनच्या एका चुणीचं पेटंट

"तुमचं पेटंट कशाचं आहे?" असं कुणी विचारलं की मी सांगते, बनियनच्या एका चुणीचं. समोरच्याला वाटतं मी थट्टा करतेय. अंगातल्या कपड्यात सेन्सर, हृदयाचे ठोके मोबाइलवर, एवढं सगळं सोडून चूण? पण अर्ज मंजूर झाला तो त्या चुणीमुळंच. बाकीचं सगळं जगानं आमच्या आधी करून ठेवलं होतं, आणि हे कळायला मला सव्वा वर्ष लागलं. अंगावर घालायच्या सेन्सरच्या कपड्यांवर काम करणारी बरीच मुलं-मुली हल्ली "पेटंट कसं काढायचं?" म्हणून विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मी इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनिअर. कापडातलं मला कापूस नि पॉलिएस्टर यापलीकडं काही कळत नव्हतं. कल्पना साधी होती. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि रस्त्याची, बांधकामाची कामं तरीही चालू असतात. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या छातीवरून ठोके आणि त्वचेचं तापमान मोजणारा बनियन करायचा. चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉन धाग्याचे दोन इलेक्ट्रोड आतून शिवायचे, तिथून तसाच धागा खिशातल्या सर्किटच्या डबीपर्यंत न्यायचा आणि डबी टिचबटणांनी जोडायची, म्हणजे धुताना काढता येईल.

शिवायला माणूस शोधत गांधीबागेतल्या एका दुकानात पोचले. तिथल्या टेलर मास्तरांनी माझा पहिला नमुना हातात घेतला, दोन्ही बाजूंनी ओढला, आणि धागा तट्कन तुटला. "म्याडम, ही तार सरळ कायले शिवली? माणूस वाकते, हात वर करते. होजिअरीचा कपडा ताणनच, तुमची तार थोडीच ताणते?" मग त्यांनी इलॅस्टिकला घालतात तसा नागमोडी टाका घातला. कपडा ताणला तरी धागा शाबूत. मला वाटलं, सापडला आपला शोध!

आणि इथंच मी पहिली मोठी चूक केली. फेब्रुवारीत एका कॉलेजच्या प्रदर्शनात तो बनियन मांडला. भलंमोठं पोस्टर, त्यावर टाक्याचा जवळून काढलेला फोटो, शेजारी सर्किट. लोकांनी फोटो काढले, कुणीतरी व्हिडिओ टाकला. एका परीक्षकांनी तर "पेटंट करून घ्या हं" असा प्रेमळ सल्लाही दिला. अर्ज करण्याआधी आपणच चारचौघांत दाखवलेली गोष्ट आपल्याच अर्जाच्या आड येते, हे तिथं कुणी बोललं नाही. भारताच्या पेटंट कायद्यात, कलम ३१ मध्ये, १२ महिन्यांची सवलत आहे. पण ती केंद्र सरकारनं राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासाठी किंवा विद्वत्सभेपुढं वाचलेल्या निबंधासाठी वगैरे. कॉलेजचा टेकफेस्ट त्यात बसत नाही. तेव्हा मुलांनो, पोस्टर नंतर, अर्ज आधी. दाखवणं अगदीच भाग असेल तर काय मोजतो ते दाखवा, कसं शिवलं ते दाखवू नका.

माझं नशीब असं की नागमोडी टाका गेला तरी फार काही गेलं नाही, कारण तो मुळात नवा नव्हताच. हे कळलं जुनी पेटंटं धुंडाळताना. नागपूरकरांना एक गोष्ट घराजवळ मिळते आणि बहुतेकांना ती ठाऊकच नसते. सिव्हिल लाइन्समध्ये हिस्लॉप कॉलेजच्या रस्त्यावर राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. पेटंट माहिती प्रणाली हे सरकारी कार्यालयही तिथंच, ते १९७५ पासून नागपुरात आहे. देशभरचे पेटंट परीक्षक प्रशिक्षणाला इथं येतात. अर्ज मात्र इथं होत नाही. महाराष्ट्रातला अर्ज मुंबई कार्यालयाच्या हद्दीत जातो आणि तो ऑनलाइन भरतात, हिंदीत किंवा इंग्रजीत. मराठीत चालत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं; मास्तरही पुढं अर्जदार झाले, पण त्यांना स्वतःचाच अर्ज मला वाचून, समजावून सांगावा लागला.

जुनी पेटंटं धुंडाळायचं तंत्र जरा सविस्तर सांगते, कारण नवखे लोक इथंच फसतात. 'स्मार्ट शर्ट' असं टाकून शोधलं तर बातम्या सापडतात, पेटंटं सापडत नाहीत. पेटंटमध्ये शर्टाला शर्ट म्हणायची रीत नाही. तिथं तो 'गारमेंट' असतो, 'अपॅरल' असतो, कधी 'टेक्स्टाइल सबस्ट्रेट' असतो. म्हणून शब्द सोडा नि वर्गीकरणाचे क्रमांक धरा. कपड्यात बसवलेल्या, शरीर मोजणाऱ्या सेन्सरसाठी ए६१बी ५/६८०४, त्यातही बंडी-शर्टासाठी ५/६८०५. विद्युतवाहक कापडाच्या इलेक्ट्रोडसाठी ए६१बी ५/२७. कपड्याच्या बाजूनं पाहायचं तर ए४१डी १/००२ आणि रुग्णाच्या देखरेखीच्या कपड्यांसाठी ए४१डी १३/१२८१. हे क्रमांक एस्पासनेट, पेटंटस्कोप किंवा गूगल पेटंट्स या पेटंट शोधायच्या संकेतस्थळांवर टाका, भारतातल्या अर्जांसाठी इनपास हे सरकारी संकेतस्थळ आहे. सगळं फुकट. फक्त वेळ द्यावा लागतो. मी तीन आठवडे दिले.

पहिल्याच दिवशी जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठाचा शर्ट समोर आला. सुंदरेसन जयरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलासाठी विणलेला. सैनिकाला गोळी कुठं लागली ते कळावं म्हणून कापडात प्लॅस्टिकचे प्रकाशतंतू, आणि सेन्सर लावायला कापडातच विणलेल्या वाहक वाटा. अख्खा कपडा म्हणजे जणू एक सर्किट. कापडात सेन्सर घालण्याची कल्पना माझी, हा समज त्या दुपारीच संपला. नागमोडी शिवलेल्या वाहक धाग्याची पेटंटं तर एकाहून अधिक सापडली. कूलरच्या समोर बसून घाम फुटणं काय असतं ते त्या दिवशी अनुभवलं.

चूण आली मे महिन्यात. थंडीत आमचा त्रास उलटा होता. कातडी कोरडी, इलेक्ट्रोड नीट टेकत नव्हते, सिग्नलमध्ये नुसती खरखर. थोडं पाणी लावलं की सुधारायचं. म्हणून वाटलं, उन्हाळ्यात घाम येईल नि आपोआप मस्त चालेल. एप्रिलपर्यंत चाललंही. मेमध्ये एका कामगारदादांनी तो घालून दोन तास गिट्टी वाहिली आणि ठोके दिसेनासे झाले. दोन इलेक्ट्रोडच्या मधून खारट घामाचा ओघळ, म्हणजे दोन्ही टोकं पाण्यानंच जोडल्यासारखी. दोघांमधल्या विद्युतदाबाचा फरक मोजायचा असतो, तो फरकच वाहून गेला.

मी सर्किट बदलायच्या मागं लागले. मास्तर म्हणाले, "मधात एक चून घाला ना." विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, चून म्हणजे आमच्याकडं बेसनाचं पिठलं. माझ्या डोक्यात आधी चून-भाकरच आली. त्यांना म्हणायचं होतं चूण. दोन इलेक्ट्रोडच्या मधोमध कपड्याची एक उभी बारीक दुमड, आत सुती पट्टी. पट्टी घाम पिऊन बाहेरच्या थराकडं नेते, त्यामुळं ओघळ पलीकडं जात नाही. आणि माणूस वाकला की दुमड उघडते, त्यामुळं ताण इलेक्ट्रोडवर येत नाही, ते जागचे हलत नाहीत. एकाच चुणीची दोन कामं. ही गोष्ट मला कुठल्याही पेटंटात सापडली नाही. आणि देवाच्या कृपेनं ती फेब्रुवारीच्या पोस्टरवरही नव्हती!

जूनमध्ये तात्पुरता अर्ज केला. कंपनी नसलेल्या व्यक्तीला ऑनलाइन १६०० रुपये लागतात. मोठ्या कंपनीला ८०००. तात्पुरत्या अर्जानं तारीख आपली होते आणि पूर्ण विवरण, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, द्यायला १२ महिने मिळतात. परदेशातही हवं असेल तर साधारण याच १२ महिन्यांत ठरवायचं. हे १२ महिने बरेच जण झोपा काढण्यात घालवतात. आम्ही शिवण्यात घालवले, ते अर्जाचं काम पाहणाऱ्या आमच्या पेटंट एजंट बाईंमुळं. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "चूण पाच मिलिमीटरच का? चारची चालते? आठची?" मला माहीत नव्हतं. मास्तरांनी दोनापासून दहापर्यंत सगळ्या शिवल्या. दोनची चूण घामानं लगेच भरायची, दहाची अंगाला टोचायची. सुती पट्टीऐवजी दुसरं कापड, उभ्याऐवजी तिरपी चूण, टिचबटणं बदलून, वारंवार धुऊन, सगळं करून पाहिलं आणि जे जमलं, जे फसलं, ते सगळं वहीत तारखेसह लिहिलं. पूर्ण विवरण एकदा दिलं की त्यात नवी गोष्ट घुसवता येत नाही. पुढं दावा, म्हणजे नेमका कशावर हक्क हवा ते सांगणारं वाक्य, आखडता घ्यायची वेळ येते तेव्हा हेच आकडे कामी येतात, पण ते आधीच लिहिलेले हवेत.

दावे लिहिणं हा वेगळाच प्रकार. प्रत्येक दावा म्हणजे एकच वाक्य, कितीही लांब. 'कम्प्रायझिंग' लिहिलं तर 'हे आणि आणखीही काही' असा अर्थ होतो. 'कन्सिस्टिंग ऑफ' लिहिलं तर 'एवढंच', मग कुणी एक खिसा वाढवला तरी तो तुमच्या दाव्यातून सुटू शकतो. माझ्या पहिल्या मसुद्यात पहिलाच दावा होता 'उष्माघात ओळखण्याची पद्धत'. एजंट बाईंनी लाल पेन मारला. रोगनिदानाची पद्धत कलम ३(आय) खाली पेटंटला पात्र नाही. 'ठोक्यांचं विश्लेषण करणारा अल्गोरिदम' यावर दुसरी रेघ, कलम ३(के). उरला तो कपडा: इतके इलेक्ट्रोड, अमुक जागी, मध्ये चूण, चुणीत पट्टी, चूण ताणल्यावर काय होतं. वाचायला रुक्ष. पण वस्तू म्हणून हातात धरता येते ती तेवढीच.

आता जरा नाजूक विषय. शोधक कोण? घरच्यांचं मत होतं, "मास्तरांना शिलाई दिलीस ना, झालं." झालं नाही. सांगितलेलं शिवून देणारा शोधक नसतो, पण चूण त्यांच्या डोक्यातून आली होती. दाव्यातली मूळ कल्पना ज्याची, त्याचं नाव शोधक म्हणून द्यावंच लागतं, मग त्याची पदवी काय नि पगार काय हे कुणी विचारत नाही. प्रोजेक्टच्या गाइडचं नाव मानाखातर घालणं, हा उलटा प्रकारही तितकाच चुकीचा. आम्ही दोघंही अर्जदार झालो. सहमालकीत करार नसेल तर दोघांचा समान, अविभाजित वाटा असतो आणि दुसऱ्याच्या संमतीशिवाय कुणालाही परवाना देता येत नाही. हे सगळं आम्ही आधीच स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं. तेव्हा मास्तर जरा दुखावले, "इतका भरोसा नाही का?" मग त्यांनीच भावाच्या नि त्यांच्या दुकानाची वाटणी आठवली आणि सही केली.

अर्जाच्या परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते, त्याची फी वेगळी. २०२४ च्या नियमांपासून मुदत ३१ महिन्यांची आहे. सगळे अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यांत एक जरी स्त्री असेल तर जलद परीक्षण मागता येतं, फॉर्म १८ए, व्यक्तीला ८००० रुपये. मी तो भरला. त्यासोबत अर्ज लवकर प्रसिद्ध व्हावा म्हणून फॉर्म ९ आणि त्याचे २५००.

परीक्षकांचा पहिला अहवाल आला तेव्हा मी रडले, हे कबूल करते. सगळेच दावे नामंजूर वाटत होते. एजंट बाई म्हणाल्या, "असाच असतो." तीन जुनी पेटंटं काढली होती, आणि वर कलम ३(एफ): माहीत असलेल्या गोष्टी शेजारी मांडल्या, प्रत्येक आपापलं काम करते, यात शोध काय? उत्तराला सहा महिने मिळतात. आम्ही चूण ४ ते ६ मिलिमीटरवर आणली आणि दाखवलं की चूण नि इलेक्ट्रोड सुटे काम करतच नाहीत. चूण काढली की तोच इलेक्ट्रोड घामात बंद पडतो, सरकतोही. वहीतला मे महिन्याचा तक्ता जोडला. व्हिडिओवर सुनावणी झाली, वीसेक मिनिटांची. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी विचारलं, ही चूण नुसती शोभेची नाही कशावरून? मी कॅमेऱ्यासमोर बनियन ताणून दाखवला.

कुणाला यातच करिअर करायचं असेल तर पेटंट एजंटची परीक्षा आहे. विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी, वय २१, भारतीय नागरिकत्व. १०० गुणांचे दोन पेपर नि तोंडी परीक्षा. प्रत्येक पेपरात ५० टक्के आणि एकूण ६० टक्के. पहिला कायद्याचा, तो पाठांतरानं थोडाफार निभतो. दुसऱ्यात मसुदा लिहायचा असतो. मी पहिल्या खेपेला तिथंच आपटले. वकिलीची पदवी लागत नाही, हे मला कुणी पाच वर्षं आधी सांगायला हवं होतं. आणि पेटंट म्हणजे विक्रीचा परवाना नव्हे. वैद्यकीय उपकरण म्हणून विकायचं तर वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम पाळावे लागतात, ती वाट निराळी, आम्ही अजून तिच्यावरच आहोत.

प्रमाणपत्र आलं तेव्हा मास्तरांनी आधी स्वतःच्या नावाचं स्पेलिंग तपासलं. मग विचारलं, "वीस वर्षं म्हंजे आत्तापासून का?" नाही, अर्जाच्या तारखेपासून, आणि तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी फी भरली तरच. पहिल्या काही वर्षांची व्यक्तीला ८०० रुपये. चुकली तर पेटंट जातं. त्यांनी दुकानातल्या कालनिर्णयवर, लग्नसराईच्या ऑर्डरींच्या मधोमध, ती तारीख लिहिली आणि तिच्याभोवती खडूनं गोल काढला.