मटारची बेगमी: दाणे फ्रीझ करण्याची नीट पद्धत

डिसेंबर-जानेवारीत मंडईत मटारचे ढीग लागतात, भाव उतरतो आणि घरोघरी टीव्हीसमोर परात घेऊन सोलणं सुरू होतं. सोललेले दाणे पिशवीत भरून थेट फ्रीझरमध्ये टाकले की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. मीही काही वर्षं तेच करत होते. होळीपर्यंत दाणे पिवळट पडायचे, उसळीला गवताचा वास यायचा. दोष फ्रीझरचा नव्हता, मधली उकळत्या पाण्याची पायरी मी गाळत होते.

शेंग तोडली तरी दाण्यातली एन्झाइम्स काम करतच राहतात. थंडीने ती मंदावतात, नष्ट होत नाहीत. रंग आणि चव तीच बिघडवतात. उकळत्या पाण्यात जेमतेम दोन मिनिटं ठेवलं की ती निकामी होतात. यालाच ब्लांचिंग म्हणतात.

शेंगा बागेतल्या असोत की मंडईतल्या, आणल्या त्याच दिवशी सोला. तोडल्यापासून दाण्यातल्या साखरेचं पिष्ट होऊ लागतं, म्हणून शिळा मटार गोड लागत नाही. किलोभर शेंगांतून साधारण 400 ते 500 ग्रॅम दाणे निघतात. जून, टणक दाणे बाजूला काढून आजच उसळीला लावा. सोलता सोलता घरातले किती खातात, त्याचा हिशेब धरायचा नाही.

अर्धा किलो दाण्यांना चार लिटर पाणी घ्या. कंजुषी केलीत तर दाणे पडताच उकळी बसते आणि ते नुसते शिजत राहतात. पाणी खळखळ उकळलं की दाणे टाका, पुन्हा उकळी फुटली की घड्याळ बघा: दीड ते दोन मिनिटं. मिनिटभरात उकळी परत आली नाही तर पुढचा घाणा कमी घ्या. रंग टिकावा म्हणून काही जणी चिमूटभर सोडा घालतात. घालू नका, दाणे मऊ पडतात आणि क जीवनसत्त्व जातं. साखरेचीही गरज नाही.

दाणे लगेच चाळणीत उपसून बर्फाच्या पाण्यात टाका. नुसत्या नळाच्या पाण्याने आतली धग लवकर जात नाही. बर्फ आदल्या रात्रीच लावून ठेवा, ऐन वेळी तोच कमी पडतो.

आता निथळून सुती पंचावर पसरा, पंख्याखाली पूर्ण कोरडे होऊ द्या. मग ताटात एका थरात पसरून ताट फ्रीझरमध्ये ठेवा. दोन-तीन तासांनी दाणे गोट्यांसारखे खडखडले की एका भाजीपुरते झिपच्या पिशव्यांत भरा, हवा दाबून काढा, वर तारीख लिहा. ओले भरलेत तर एकच ढेकूळ होतं आणि बत्त्याने फोडावं लागतं.

उणे 18 अंशांवर हे दाणे 8 ते 10 महिने चांगले राहतात. एकदारी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात एवढी थंडी टिकत नाही, तिथे महिनाभराचेच ठेवा. वीज गेली तर दार उघडून बघण्याचा मोह आवरा.

फरसबी आणि फ्लॉवरचे तुरे याच रीतीने तीन मिनिटं, गाजराच्या फोडी दोन मिनिटं. भोपळी मिरची चिरून तशीच कच्ची ठेवता येते. काकडी आणि मुळ्याच्या वाटेला जाऊ नका, बर्फाने आतल्या पेशी फुटतात आणि नंतर हाती चोथा येतो.

वापरताना दाणे आधी बाहेर काढून ठेवू नका. गोठलेलेच फोडणीत किंवा भातात टाका, तेही शेवटी. अर्धे शिजलेले असतात. पुण्याकडच्यांनी फार साठा करू नये. पावसाळ्यात पुरंदरचा ताजा मटार मंडईत येऊ लागतो, तोवरची पाच-सहा महिन्यांची बेगमी पुरते.