आत्या विचारायची, "मग फुडं काय?"

पहिली कादंबरी लिहायला घेतलेलं कुणी भेटलं आणि "अर्ध्यात सुटू नये म्हणून काय करू?" असं विचारलं, की मी उलट विचारते, पुढचं प्रकरण ऐकायला कुणी थांबलंय का? माझ्यासाठी अडीच वर्षं कुणीच थांबलं नव्हतं, आणि त्या अडीच वर्षांत माझी तीनच प्रकरणं झाली होती.

गोष्ट लालबागची आहे. चाळीतल्या खोलीत खानावळ चालवणारी एक बाई. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, पगार थांबले. तिच्याकडे जेवणारे अठरा जण आधी उधारीवर जेवले आणि मग एकेक करून गावाला निघून गेले. पुढे तिनं काय केलं, हे मला लिहायचं होतं. सुरुवात डोळ्यांसमोर होती, शेवटही होता. मधलं काहीच माहीत नव्हतं. अडकायला होतं ते नेमकं तिथे. पहिली साठ-सत्तर पानं उत्साहावर होतात, कारण ती मनात आधीच लिहून झालेली असतात.

2019 मध्ये मी सुरुवात केली. मी डोंबिवलीची, नोकरी फोर्टात, जाऊन-येऊन तीन तास प्रवासात. वेळच मिळत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे आणि ते मला मनापासून खरं वाटायचं. मग मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाली, काम घरून सुरू झालं आणि ते तीन तास रोज माझ्या हातात आले. कितीतरी महिने आले. त्या महिन्यांत मी पहिलं प्रकरण नव्यानं लिहिलं, मग पुन्हा, मग पुन्हा. एकूण नऊ वेळा. चौथ्या प्रकरणाची एक ओळही झाली नाही. पहिलं प्रकरण घासत बसलं की काम केल्याचं समाधान मिळतं, म्हणून ते फार धोक्याचं. वाचनालयाचंही तेच. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून जुनं काही वाचत राहणं मला अजून आवडतं, पण लिहिण्याची भीती वाटायला लागली की मी तिकडे पळायचे आणि त्याला संशोधन म्हणायचे. माहिती हवीच. पण आज जे पान लिहायचंय, त्याला लागेल तेवढीच आज शोधावी.

माझी आत्या लालबागलाच राहते. तिच्या सासूची खानावळ होती. गाड्या सुरळीत झाल्यावर एका शनिवारी ऑफिसातून परतताना करी रोडला उतरून तिच्याकडे गेले आणि बोलता बोलता फोनवरचं पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. वाचून झालं तरी बोट ताटातच फिरत होतं. मला वाटलं, ऐकलंच नाही. मग म्हणाली, "बरं. मग फुडं काय झालं गो?"

मी म्हटलं, अजून लिहिलं नाही.

"मग पुढच्या शनिवारी ये लिहून."

त्या एका वाक्यानं कादंबरी चालू झाली. प्रेरणा आतून यायला हवी असं आपण ऐकत आलेलो असतो. माझ्याकडे ती बाहेरून आली, शनिवारच्या वायद्याच्या रूपात.

वायदा पाळायचा म्हणून मग बाकीचं बसवलं. डोंबिवलीहून सुटणारी गाडी पकडायची, म्हणजे बसायला मिळतं. फोनवर मराठी कीबोर्ड आणि साधी गूगल डॉक्सची फाइल. ठाण्यापर्यंत मागच्या दिवसाचा फक्त शेवटचा परिच्छेद वाचायचा, ठाण्यानंतर लिहायचं. रोज अडीचशे शब्द. आठवड्याला पाच दिवस म्हणजे साडेबाराशे, आणि साठ हजार शब्दांची कादंबरी या हिशेबानं 48 आठवड्यांत होते. हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर मांडला, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे होण्यासारखं आहे. साडेबाराशे शब्द मोठ्यानं वाचायला दहा-बारा मिनिटं लागतात. आत्याचा चहा उकळून कपात येईपर्यंत होतं.

नियम एकच, मागे जायचं नाही. लिहिताना एखादी खोट लक्षात आली की ती वेगळ्या वहीत टिपायची. "प्र. 5, मुलीचं वय चुकलंय." "प्र. 7, भांडण फुकट मिटतंय." वहीत उतरली की ती डोक्यातून जाते आणि हात पुढे चालतो. पहिला खर्डा संपला तेव्हा वहीत एकशे चाळीस नोंदी होत्या. एवढ्या खोटी लिहिता लिहिता दुरुस्त करत बसले असते, तर आजही चौथ्या प्रकरणातच असते.

आत्या साहित्यातलं बोलायची नाही. ती चुका काढायची. दुसऱ्या पाळीचे लोक रात्री दहाला जेवायला येतात, असं मी लिहिलं होतं. ती म्हणाली, "दुसरी पाळी साडेतीन ते बारा. दहाला कोण येणार?" मग तिनं सांगितलं, बाराला सुटणाऱ्यांची ताटं वाढून वर दुसरं ताट पालथं घालून भिंतीशी ओळीनं ठेवायची. दिवा मालवलेला असायचा. सासू अंधारात बोटांनी ताटाचे पोचे चाचपून कुणाचं कोणतं ते ओळखायची. माझं प्रकरण तिथल्या तिथे कोसळलं आणि त्याजागी अख्ख्या कादंबरीतलं सगळ्यात चांगलं प्रकरण उभं राहिलं. संप सुरू झाल्यावर ती बाई रात्री रिकामी ताटं चाचपते, हे मला एकटीला कधीच सुचलं नसतं.

म्हणून ऐकणारं माणूस निवडताना सहसा लिहिणारं निवडू नये. खर्डा अर्धा असताना जाणकाराचं मत मिळालं की आपण पुन्हा पहिल्या पानावर जातो. पुढे काय झालं याची ज्याला खरोखर उत्सुकता आहे, असं माणूस हवं. आणि पुढचं कथानक त्यालाही आधी सांगून टाकायचं नाही. मी दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा ते प्रकरण लिहिताना शिळं लागलं.

मधे एक प्रकरण कथा म्हणून एका दिवाळी अंकाला पाठवलं. दिवाळी अंकांचं साहित्य जुलै-ऑगस्टच्या सुमारास जातं, त्यामुळे तारखेचा चांगला धाक बसतो. नकार आला, तोही दोन ओळींचा. तीन आठवडे मी काही लिहिलं नाही आणि करी रोडलाही उतरले नाही. चौथ्या शनिवारी आत्याचाच फोन आला. अंकाचं तिला काही माहीत नव्हतं. "त्या बाईनं मंगळसूत्र गहाण टाकलं का नाही, तेवढं सांग," एवढंच म्हणाली. ते मलाही माहीत नव्हतं. सोमवारी गाडीत बसून लिहिलं. टाकलं.

प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये खानावळवाल्या बायकांसाठी सुरू केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाचा धागाही पुढे गोष्टीत आला, कारण सावकाराला टाळून या बायका कर्ज कुठून घेत असतील, हा प्रश्न गोष्टीनंच विचारला. सुरुवातीलाच ती माहिती गोळा करत बसले असते, तर ती नुसती माहितीच राहिली असती.

48 आठवड्यांचा हिशेब 61 आठवड्यांवर गेला. शेवटचं प्रकरण वाचलं त्या दिवशी आत्या नेहमीसारखं "फुडं काय" म्हणाली नाही. बराच वेळ गप्प बसली. मग उठून माळ्यावरून फडक्यात बांधलेला सासूचा पोळपाट काढला. मधोमध झिजून खोलगट झालेला, एका पायाला तार गुंडाळलेली. "ह्याचं राहिलं बघ लिहायचं," म्हणाली.

वहीत एकशे एकेचाळिसावी नोंद केली. पोळपाट आता सतराव्या प्रकरणात आहे.