परवाना अडला तर: ऑन्टारिओत गेलेल्या पुणेकरांसाठी कागदी लढाईची तयारी

पुण्यात शिकलेला इंजिनिअर, डॉक्टर किंवा नर्स कॅनडात उतरल्यावर त्याच नावानं काम करू शकत नाही. पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, देतं केंद्र सरकार, परवाना देते त्या प्रांतातली त्या व्यवसायाची नियामक संस्था, आणि एकीनं पदवी मानली म्हणून दुसरीनं मानलीच पाहिजे असं नाही. पीआरसाठी डब्ल्यूईएस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून केलेलं मूल्यांकन परवान्याच्या टेबलावर अपुरं पडतं, ते यामुळेच. इथे सांगितलं आहे ते ऑन्टारिओपुरतं. दुसऱ्या प्रांतात मुदती आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारं न्यायाधिकरण दोन्ही बदलतात.

आधी कडू गोष्ट. नकार मिळाला म्हणजे भेदभाव झाला, असं होत नाही. परीक्षा मागणं, पदवी तपासणं हे संस्थेचं कामच आहे. ऑन्टारिओच्या मानवाधिकार संहितेचं कलम ६ स्वयंशासित व्यवसायाच्या सदस्यत्वात वंश, रंग, वांशिक मूळ, मूळ ठिकाण, नागरिकत्व वगैरे कारणांवरून असमान वागणूक द्यायला मनाई करतं. त्या यादीत ‘परदेशी पदवी’ नाही. त्यामुळे परदेशी पदवीवरून झालेली अडवणूक प्रत्यक्षात मूळ ठिकाणावरून झालेली आहे, हा धागा तुम्हालाच जोडून दाखवावा लागतो. बहुतेक तक्रारी इथेच लंगड्या पडतात.

धागा कसा जोडायचा, हे दोन प्रकरणांतून समजतं. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बिटोंटी प्रकरणात वैद्यकीय संस्थेनं देशांचे दोन गट केले होते. कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका एका गटात, बाकी जग दुसऱ्यात, आणि दुसऱ्या गटाला प्रशिक्षणाची जास्त वर्षं. माणूस किती तयार आहे हे न बघता फक्त देश बघितला होता. १९९९ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणानं हा भेदभाव ठरवला. उलट अल्बर्टा प्रांतातल्या मिहाली प्रकरणात चेकोस्लोव्हाकियात शिकलेल्या इंजिनिअरच्या बाजूनं २०१४ मध्ये निकाल लागला, १०,००० डॉलर भरपाईही मिळाली, पण २०१६ मध्ये न्यायालयानं तो निकाल फिरवला. क्षमता तपासण्यासाठी घेतलेल्या परीक्षांचं समर्थन होऊ शकतं, असं न्यायालयाचं मत पडलं. म्हणून ‘मला परीक्षाच का?’ हा मुद्दा कच्चा. ‘माझी कागदपत्रं न वाचता देशावरून निर्णय का?’ हा पक्का.

कायद्याची कसोटी तीन पायऱ्यांची आहे: संरक्षित वैशिष्ट्य (कलम ६ च्या यादीतलं, जसं मूळ ठिकाण), झालेलं नुकसान, आणि त्या नुकसानामागे ते वैशिष्ट्य हे एक कारण असणं. एकमेव कारण असण्याची गरज नाही, कुणाचा हेतू वाईट होता हे सिद्ध करण्याचीही नाही. एवढं दाखवलंत की ओझं संस्थेवर जातं. आपला निकष कामासाठी वाजवी गरजेचा आहे आणि तुमच्यासाठी वेगळी सोय केली तर अवाजवी अडचण होईल, हे तिनं दाखवायचं.

आता ‘कॅनडाचा अनुभव’, म्हणजे परवान्याआधी कॅनडातच काम केलेलं असण्याची अट. २०१३ मध्ये ऑन्टारिओच्या मानवाधिकार आयोगानं धोरण काढलं की अशी सरसकट अट सकृद्दर्शनी भेदभावच आहे. इंजिनिअरांच्या संस्थेनं, म्हणजे पीईओनं, मे २०२३ मध्ये ती अट काढली. एकूण ४८ महिन्यांचा अनुभव मात्र लागतो आणि तो ३४ क्षमतांच्या चौकटीत मांडावा लागतो. आरोग्याबाहेरच्या तीसेक व्यवसायांत २ डिसेंबर २०२३ पासून ही अट कायद्यानं बंद आहे, संस्थेनं खास सूट मिळवली असेल तर अपवाद. तरीही फोनवर कुणी ‘इथला थोडा अनुभव घेऊन या’ असं म्हणालं, तर त्याच दिवशी ईमेल टाका: ‘आज आपण असं सांगितलंत. हे कोणत्या नियमाखाली?’ तोंडी बोलण्याचा पुरावा राहत नाही, आणि ईमेलला उत्तर आलं नाही तर तीही नोंदच.

दुसरी अडचण गुळगुळीत दिसते पण खोल असते. एखादा अर्ज विचारतो, ‘तुमचा वरिष्ठ परवानाधारक इंजिनिअर होता का?’ भोसरीच्या किंवा चाकणच्या कारखान्यातल्या वरिष्ठाकडे परवाना कुठून येणार? भारतात बहुतेक इंजिनिअरांना परवाना लागतच नाही. नियम सगळ्यांना सारखा लिहिलेला असतो, पण फटका ठरावीक देशांतून आलेल्यांनाच बसतो. हा रकाना ‘नाही’ लिहून सोडू नका. भारतातली व्यवस्था दोन ओळींत सांगा, वरिष्ठाची पदवी आणि हुद्दा द्या, आणि पर्यायी पडताळणी लेखी मागा. पर्याय मागितला आणि कारण न देता नाकारला, तर तुमच्या प्रकरणातला सगळ्यात मजबूत कागद तोच.

पुण्यातली तयारी निघण्याआधी करा. नंतर आईवडिलांना गणेशखिंडीत हेलपाटे घालावे लागतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट मागवताना लक्षात ठेवा की २०१४ च्या नामविस्ताराआधीच्या पदवीवर ‘पुणे विद्यापीठ’ आहे, आणि तिकडच्या कारकुनाला ही दोन विद्यापीठं वाटू शकतात. नामविस्ताराचा अधिकृत कागद सोबत जोडा. अभ्यासक्रम मागितला तर तुमच्या पॅटर्नचा, म्हणजे तुम्ही शिकलात त्या आवृत्तीचा द्या: २००८, २०१२, २०१५, जो असेल तो. संकेतस्थळावरून चालू पॅटर्न उतरवून पाठवला की विषयांची नावं मार्कशीटशी जुळत नाहीत, आणि मग विषय ‘आढळले नाहीत’ म्हणून परीक्षा वाढतात. डॉक्टरांनी बघावं की १९९८ नंतर वैद्यकीय शिक्षण नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेलं. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकला असाल तरी पदवी कुणाची आहे ते वाचूनच अर्ज भरा.

नावांचा घोळ तर अस्सल मराठी. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, वर आईचं नाव वेगळं छापलेलं. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेली. सगळी रूपं लिहून ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र, आणि नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद, पहिल्याच अर्जासोबत द्या. नावावरून फाईल सहा महिने पडून राहिली, तर तो भेदभाव होता की तुमचा अपुरा अर्ज, यावर पुढे वाद होतो. तो वाद आपल्या बाजूनं आधीच संपवलेला बरा.

कंपनी बंद पडली असेल तर नेमणूकपत्र, फॉर्म १६ आणि पीएफचं पासबुक जमवा. विद्यापीठातून कागद येतच नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर काहीही येवो, ते जपून ठेवा. ऑन्टारिओच्या न्याय्य प्रवेश कायद्यानुसार, हाताबाहेरच्या कारणानं कागद मिळत नसेल तर कोणते पर्याय चालतील हे संस्थेनं जाहीर करायचं असतं. ते उत्तर आणि स्पीड पोस्टच्या पावत्या दाखवल्या की ‘हाताबाहेरचं कारण’ सिद्ध होतं.

निर्णय आला की पाकिटावरची किंवा ईमेलची तारीख टिपा. लेखी कारणं मागा. मग लेखी अर्ज करून तुमची पूर्ण फाईल मागा: मूल्यांकनाच्या नोंदी, शेरे, सगळं. तो तुमचा हक्क आहे. शुल्क पडलं तर वाजवी खर्चापुरतंच. फाईल वाचताना शोधायचं काय? कोणता कागद उघडलाच नाही, कुठे फक्त देशाचं नाव लिहून निष्कर्ष काढला, आणि जाहीर निकषात नसलेली कोणती अट मध्येच आली.

यानंतर दोन घड्याळं एकाच वेळी चालू होतात. पहिलं छोटं. पीईओच्या निबंधकानं नकाराचा प्रस्ताव बजावला तर नोंदणी समितीपुढे सुनावणी मागायला ३० दिवस. डॉक्टर-नर्सांना आरोग्य व्यवसाय अपील आणि पुनरावलोकन मंडळाकडे जायलाही ३० दिवसच. दुसरं मोठं. मानवाधिकार न्यायाधिकरणाकडे शेवटच्या घटनेपासून एक वर्ष. अपील चालू आहे म्हणून हे वर्ष थांबत नाही, आणि ‘आधी तिकडचा निकाल बघू’ म्हणणारे इथेच बाहेर पडतात.

मेख आणखी एक आहे. अपील मंडळांनाही मानवाधिकार संहिता लागू करता येते. तिथे भेदभावाचा मुद्दा घाईघाईत मांडून हरलात, तर न्यायाधिकरण ‘याचा निवाडा झाला आहे’ म्हणून संहितेच्या कलम ४५.१ खाली दार लावू शकतं. म्हणून छोट्या मुदतीत अपील करा, वर्षाच्या आत मानवाधिकार अर्जही दाखल करा आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत तो स्थगित ठेवण्याची विनंती करा. भेदभावाचा मुद्दा कुठे मांडायचा हे वकिलाला विचारूनच ठरवा. ह्यूमन राइट्स लीगल सपोर्ट सेंटर हा सल्ला फुकट देतं. फेअरनेस कमिशनरकडे जाण्यात वेळ घालवू नका. ते कार्यालय संस्थांच्या पद्धतींवर लक्ष ठेवतं, तुमच्या एकट्याच्या निर्णयात पडत नाही.

न्यायाधिकरणाचा अर्ज म्हणजे फॉर्म १. शुल्क नाही. क्षेत्र म्हणून व्यावसायिक संघटनेचं सदस्यत्व निवडा. कारणांत मूळ ठिकाण, वंश, रंग यांतली जी खरोखर दाखवता येतील तीच. सगळीकडे खुणा केल्यानं अर्ज वजनदार होत नाही, विस्कटतो. मजकूर तारखेनुसार लिहा. ‘मला अपमानास्पद वागणूक दिली’ हे वाक्य निकामी आहे. ‘४ मार्चला मी अभ्यासक्रमाची १८० पानं पाठवली, ११ मार्चच्या नोंदीत ती उघडल्याचा उल्लेख नाही, १२ मार्चला भारतीय पदवी असा शेरा मारून पाच परीक्षा लावल्या’ असं लिहिलं की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. संस्थेला उत्तरासाठी साधारण ३५ दिवस मिळतात. तक्रार केली म्हणून सूड उगवणं हाही संहितेचा भंग आहे, त्यामुळे परवान्याचा अर्ज मागे घ्यायचं कारण नाही.

प्रकरण वर्षानुवर्षं चालू शकतं. जिंकलात तरी वकिलाचा खर्च सहसा मिळत नाही. निकाल नावासकट जाहीर होतो, आणि पुढचा मालकही तो वाचू शकतो. मध्यस्थीला बसाल तेव्हा फक्त पैशाचा आकडा घेऊन जाऊ नका. नव्या मूल्यांककाकडून फेरतपासणी, ती किती आठवड्यांत होईल याची तारीख, कोणते विषय मान्य धरले याची लेखी यादी आणि भरलेल्या परीक्षा शुल्काचा परतावा, एवढं मसुद्यात आलं की मग भरपाईचं बोला. मसुद्यावर सही करण्याआधी गोपनीयतेचं कलम दोनदा वाचा. परवान्याच्या पुढच्या अर्जात ही तडजोड दाखवायची मुभा त्यात हवी.