आडनाव न सांगणारे टॅग

नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात माझ्याकडे एक किरकोळ काम आलं. युरोपियन सेंट्रल बँक कामकाजाच्या दिवशी युरोचे संदर्भ दर एका एक्सएमएल (टॅगांमध्ये माहिती बांधलेल्या) फाइलीत टाकते. त्यातला रुपयाचा दर उचलायचा आणि आमच्या टेबलात भरायचा, बस्स. पायथॉनच्या दहा ओळी. ‘चहाच्या आधी होईल’ असं सांगून बसलो आणि त्यात दोन दिवस घालवले.

फाइल दिसायला सोपी आहे. बाहेर एन्व्हलप नावाचा टॅग, त्यात एक क्यूब, त्याच्या आत तारीख लावलेला दुसरा क्यूब आणि त्याच्या पोटात दर चलनामागे एकेक क्यूब. सगळे क्यूब शोधून दे म्हटलं, तर हातात रिकामी यादी. एरर नाही, वॉर्निंग नाही. एरर आली असती तर निदान गूगलमध्ये टाकायला काहीतरी मिळालं असतं.

मग नवखा माणूस जे जे करतो ते सगळं केलं. डाउनलोड अर्धवट झालंय का ते पाहिलं, प्रॉक्सीवर संशय घेतला, कॅपिटल अक्षरं तपासली. रिस्पॉन्स जसाच्या तसा छापला तर रुपयाची ओळ डोळ्यांसमोर! मला दिसतेय आणि प्रोग्रॅमला दिसत नाही, म्हणजे लायब्ररीतच बग असणार, या निष्कर्षापर्यंतही पोचलो होतो. (दुसऱ्या महिन्यात लायब्ररीत बग सापडत नसतो, हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.)

शेवटी शेजारच्या खुर्चीवरची सीनियर म्हणाली, “अरे, रूटच्या टॅगचं नाव प्रिंट करून बघ ना.” केलं. स्क्रीनवर आधी महिरपी कंस, त्यात वेबसाइटच्या पत्त्यासारखं काहीतरी लांबलचक आणि मग एन्व्हलप.

“हे काय?”

“हे त्याचं पूर्ण नाव. तू अर्ध्या नावाने हाका मारतोयस, तो ओ कशी देणार?”

नेमस्पेसचं, म्हणजे टॅगच्या आडनावाचं, मर्म एवढंच आहे. एक्सएमएलमध्ये टॅगचं नाव हे जोडनाव असतं: नेमस्पेसचा यूआरआय (ते कंसातलं पत्त्यासारखं लांबलचक) आणि टॅगचं स्वतःचं नाव. प्रीफिक्स म्हणजे टॅगच्या नावाआधी लागणारं, त्या यूआरआयचं त्या फाइलीपुरतं टोपणनाव. बँकेच्या फाइलीत रूटवर दोन नेमस्पेस जाहीर केलेले आहेत. एकाला गेसमेस हा प्रीफिक्स आहे, तो एन्व्हलपला लागलेला दिसतो. दुसरा प्रीफिक्सशिवाय, नुसता एक्सएमएलएनएस लिहून. हा डिफॉल्ट नेमस्पेस. आतल्या सगळ्या क्यूबना तो आपोआप लागतो, पण त्यांच्या अंगावर कुठेच दिसत नाही.

घरात आपण एकमेकांना आडनावाने हाक मारत नाही, म्हणून काही आडनाव नसतं असं नाही. रेशनकार्डावर ते असतंच. प्रोग्रॅम रेशनकार्ड वाचतो, आपण घरातली हाक ऐकतो.

खरी मेख मात्र पुढे आहे. नेमस्पेसचा नियम जानेवारी १९९९मध्ये आला आणि एक्सपाथ (एक्सएमएलमधून हवे ते टॅग शोधायची भाषा) १.० त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. एक्सपाथ १.०मध्ये प्रीफिक्सशिवाय ‘क्यूब’ लिहिलं की त्याचा अर्थ होतो ‘ज्याला नेमस्पेसच नाही असा क्यूब’. फाइलीतला डिफॉल्ट तिथे लागू होत नाही. २००७च्या एक्सपाथ २.०मध्ये डिफॉल्ट ठरवून देण्याची सोय झाली, पण पायथॉनचं एलएक्सएमएल, जावाबरोबर येणारं एक्सपाथ आणि डॉटनेटमधलं नेहमीचं, ही सगळी अजून १.०वरच आहेत. त्यामुळे हा खड्डा तुमच्याही वाट्याला येणार, हे धरून चाला.

उपाय एका ओळीचा आहे: फाइलीत प्रीफिक्स नसला तरी तुमच्या कोडमध्ये तुम्ही एक ठेवा. ‘ई’ म्हणा, ‘बँक’ म्हणा, त्याची जोडी त्या यूआरआयशी लावा आणि एक्सपाथमध्ये प्रत्येक पायरीवर तो लिहा. प्रत्येक पायरीवर, बरं का. मी पहिल्यांदा फक्त पहिल्या क्यूबला लावला आणि पुन्हा रिकामी यादी मिळवली. फाइलीतला प्रीफिक्स आणि तुमचा प्रीफिक्स सारखा असायची गरज नाही, यूआरआय तेवढा जुळला पाहिजे. एलएक्सएमएलमध्ये रूटचा नेमस्पेसचा नकाशा उचलून थेट एक्सपाथला देऊ नका. डिफॉल्टची किल्ली त्यात रिकामी असते आणि ते तुमच्यावर एरर फेकतं. जावात आधी पार्सरला (फाइल वाचून तिचे टॅग सुटे करणाऱ्या भागाला) ‘नेमस्पेस अवेअर’ करावं लागतं, कारण डॉक्युमेंट बिल्डर फॅक्टरीत ते मुळात बंद असतं. डॉटनेटमध्ये नेमस्पेस मॅनेजर लागतो. चीज तीच.

ॲट्रिब्यूटचं उलटं आहे. चलनाचं नाव आणि दर हे क्यूबचे ॲट्रिब्यूट आहेत आणि डिफॉल्ट नेमस्पेस ॲट्रिब्यूटना लागत नाही. त्यांना प्रीफिक्स लावलात तर पुन्हा भोपळा.

आता माझ्या जुगाडाबद्दल. हे सगळं समजायच्या आधी मी पार्स करण्यापूर्वी मजकुरातून डिफॉल्टची घोषणाच स्ट्रिंग रिप्लेसने उडवून टाकली होती. चाललं की! इतकं छान चाललं की पुढच्या महिन्यात एका सोप सर्व्हिसच्या (एक्सएमएलमधून निरोप देणाऱ्या) कामातही तेच वापरलं. एके सकाळी तिकडून येणाऱ्या टॅगना अचानक ‘एनएस२’ असा प्रीफिक्स दिसू लागला. समोरच्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. जावातल्या लायब्ऱ्या असे प्रीफिक्स स्वतःच तयार करतात आणि एक्सएमएलच्या हिशेबाने आधीचा आणि नंतरचा रिस्पॉन्स एकच. माझ्या स्ट्रिंग रिप्लेसला मात्र उडवायला काही सापडेना. यूआरआयने शोधलं असतं तर मला हा बदल कळलाही नसता.

एक्सपाथमधलं ‘लोकल-नेम’ (टॅगचं नुसतं स्वतःचं नाव) वापरून नेमस्पेसकडे दुर्लक्ष करण्याचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. अनोळखी फाइलीत डोकावायला तो बरा आहे, मीही वापरतो. कायमच्या कोडमध्ये नको. दोन नेमस्पेसमध्ये ‘कोड’ किंवा ‘आयडी’ नावाचे टॅग असतात तेव्हा दोन्ही एकाच टोपलीत येतात आणि चुकीचा आकडा मुकाट्याने टेबलात जातो.

आणखी एक चूक, ही जरा लाजिरवाणी. बँकेच्या यूआरआयमध्ये ‘ईसीबी डॉट इंट’ असं जुनं डोमेन आहे. साइट तर आता ‘ईसीबी डॉट युरोपा डॉट ईयू’वर आहे. मी उत्साहाने यूआरआय ‘दुरुस्त’ केला, वर एचटीटीपीचं एचटीटीपीएसही केलं. सगळं बंद. यूआरआय पत्त्यासारखा दिसतो, पण पार्सर तिथे जात नाही. तो अक्षराला अक्षर जुळवतो, शेवटची तिरकी रेघसुद्धा. तेव्हा टाइप करू नका, रिस्पॉन्समधून कॉपी करा.

सरावासाठी सर्व्हिस शोधत बसू नका. कुठलीही ‘एक्सएलएसएक्स’ एक्सटेन्शनची एक्सेल फाइल घ्या, एक्सटेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. आत वर्कशीटची एक्सएमएल फाइल असते, तिलाही डिफॉल्ट नेमस्पेस असतो. आधी सगळ्या टॅगची पूर्ण नावं छापा, मग आकडे असलेले सेल वाचून दाखवा. ते जमलं की वर्कबुकच्या फाइलीत जा. तिथे शीटच्या एकाच टॅगवर नाव हा बिनप्रीफिक्सचा ॲट्रिब्यूट आहे आणि शेजारीच ‘आर’ प्रीफिक्स लावलेला आयडी. दोन्ही एकाच कोडमधून वाचायचे, आणि स्ट्रिंग रिप्लेस वापरायचं नाही.